चोरीला गेलेला दीड फूट

१

खालच्या आळीच्या समितीच्या हॉलमध्ये त्या दिवशी चोरी झाली, पण वस्तू एकही गेली नाही. पंखे जागेवर होते, खुर्च्या जागेवर होत्या. देणगीत आलेलं, आणि म्हणूनच कोणी चोरणार नाही असं घड्याळही होतं. चोरीला गेला होता दीड फूट.

हॉल उघडायचं काम पंपवाल्याचं. पावसाळ्यात आळीत तुंबलेलं पाणी नदीत ढकलणारा पंप तो चालवी, आणि उरलेलं वर्ष पंप का चालत नाही ते लोकांना समजावून सांगे. सकाळी साडेसहाला त्याने दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि तसाच बाहेर येऊन दारावरची पाटी वाचली. आपण भलत्याच हॉलमध्ये आलो की काय!

समोरच्या भिंतीवरचा सूचना फलक आज डाव्या भिंतीवर होता. आणि फलकाच्या डोक्यावर असायची ती लोखंडी पाटी, आडवी रेघ, खाली चौदा वर्षांपूर्वीची तारीख आणि ‘पुराचे पाणी येथपर्यंत’ हे शब्द, ती आज त्याच्या कपाळासमोर होती. एरवी ती वाचायला मान वर करावी लागे.

पाटी जमिनीपासून सात फुटांवर आहे, असं समितीने कोर्टात प्रतिज्ञेवर सांगितलं होतं. सोबत टेप लावलेला फोटो. नदीपलीकडच्या मोकळ्या मैदानात चारशे घरं बांधायला निघालेल्या बिल्डरविरुद्धचा सगळा दावा त्या सात फुटांवर उभा होता. मैदानात नदी पसरते म्हणून आळी वाचते. तिथे घरं झाली तर नदीला पसरायला आळीच उरेल, एवढंच समितीचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कोर्टाचा कमिशनर पाटीची उंची मोजायला येणार होता.

पंपवाल्याने टेप लावली. साडेपाच फूट. पुन्हा लावली. टेपचं मत बदललं नाही.

२

“पोलिसांत जाऊन काय सांगू?” समितीच्या वकीलबाई म्हणाल्या. “पाटी हरवली? नाही. फुटली? नाही. मग तक्रार काय? तर जरा खाली आलीय.”

म्हणून त्यांनी विमाबाईंना फोन केला.

विमाबाईंनी एका विमा कंपनीत तीस वर्षं भिजलेल्या मालाची पाहणी केली होती. भिजलेला सोफा आणि भिजवलेला सोफा यांतला फरक त्यांना दारातूनच कळे. त्यांचं एकच तत्त्व होतं: माणसं कशीही बोलतात, पाणी मात्र सपाट असतं. एका भिंतीवर जेवढं चढलं, तेवढंच समोरच्या भिंतीवर चढणार.

त्या यायला बिचकतील असं वकीलबाईंना वाटलं होतं. कारण त्यांची थोरली बहीण, समितीचे अध्यक्ष मास्तर यांची बायको, याच हॉलमध्ये, पाटीवर लिहिलेल्या त्याच तारखेला गेली होती. लोक वरच्या मजल्यावर होते. विजेचा मेन स्विच बंद करायला ताई जिना उतरून खाली गेली. स्विच बंद झाला. ताई वर आली नाही.

विमाबाई नऊ वाजता आल्या. पिशवीतून भिंग काढलं, आणि मग ते परत ठेवून चष्मा लावला.

“नवीन भोकं पाडलेली नाहीत,” त्या म्हणाल्या.

वकीलबाई पुढे सरकल्या. पाटीच्या चार स्क्रूंभोवती नाण्याएवढा रंग खरवडला होता. रंगाचे दोन थर, एकाखाली एक, आणि सगळ्यांच्या तळाशी लाकडाची जुनी गुट्टी, स्क्रू धरायला भिंतीत ठोकतात ती. वर सात फुटांवर मात्र चार रिकामी भोकं, आणि प्रत्येकात लाल प्लॅस्टिकचा प्लग.

“जुन्या गुट्ट्या शोधायला याने भिंत चाचपली नाही. चार ठिकाणी खरवडलं, चारही बरोबर. या माणसाला जागा ठाऊक होती.”

“बिल्डरचा माणूस परवा इथे येऊन गेला, बाई. टेप घेऊन.”

“असेल.” बाई डाव्या भिंतीवरच्या फलकाकडे वळल्या होत्या. पाण्याच्या वेळा, सभेची सूचना, हरवलेल्या मांजराची सूचना, मांजर सापडल्याची सूचना. सगळे कागद तारखेप्रमाणे, एका ओळीत, चारही कोपऱ्यांत पिना टोचलेले, इस्त्री केल्यासारखे सपाट. “चोराला हा फलक हलवल्याशिवाय पाटी खाली आणता येत नव्हती. ठीक आहे, हलवला. पण मांजराचे कागद परत लावणारा चोर मी तीस वर्षांत पाहिला नाही.”

बाहेर पुलावरून ट्रक गेला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. मग दुसरा. मग तिसरा. कोर्टाची स्थगिती बांधकामाला होती. मैदानात मातीचा भराव टाकणं म्हणजे बांधकाम नव्हे, असं बिल्डरच्या वकिलाचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढण्याची तारीख अजून लागायची होती.

“किल्ल्या किती जणांकडे?” बाईंनी विचारलं.

“तिघांकडे. पंपवाला, शिंपीकाका, आणि...” वकीलबाई जरा थांबल्या. “आणि मास्तर.”

३

पंपवाल्याने उभ्याउभ्याच सगळं नाकारलं, न विचारलेलंसुद्धा.

“मला पाटीचं काय करायचंय? मी भला, माझा पंप भला.”

“चालतो का तो?”

“चालेल की. वेळ आली की चालतो.”

बाईंनी त्याच्या हातात एक कागद दिला. “हा फलकावर लावा बघू.”

त्याने वरच्या कडेला मधोमध एक पिन ठोकली. कागद लगेच दोन्ही बाजूंनी गुंडाळी घेऊन वर आला. “झालं,” तो म्हणाला.

“झालंच,” बाई म्हणाल्या. “परवा बिल्डरचा माणूस आला, तेव्हा काय बोलला?”

“सुपरवायझर? मोठा गोड माणूस! पाटी किती फुटांवर आहे, विचारलं. मी म्हटलं, सात, मोजून घ्या. त्याने मोजली. मग हसला, ‘थँक्यू’ म्हणाला, आणि जाताना माझा हात हातात घेतला.” पंपवाल्याने आपल्या हाताकडे पाहिलं. “आजवर त्यांच्यातलं कोणी असं वागलं नव्हतं.”

बाईंच्या कपाळावर आठी पडली. ज्या आकड्याने बिल्डर हरायचा, तो आकडा मोजून माणूस आभार का मानेल?

समितीचा सेक्रेटरी असलेला शिंपी समोरच्याच दुकानात होता. त्याचं मशीन उचलू शकेल असा माणूस आळीत नव्हता. गेल्या पुरात ते जागचं हललं नव्हतं, आणि त्याबद्दल तो मशीनचा आदर करी. बाईंना पाहून त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

“काका, सूचना फलक हॉलमध्ये कधी बसवला?”

“सहा वर्षं झाली. फलक उपसमितीने बसवला.”

“उपसमितीत कोण होतं?”

“मी.”

“आणखी कोण?”

“तेव्हा माझीच प्रकृती बरी होती.”

“भिंतीवर आधी तिथे काय होतं?”

शिंप्याने कापडाची सुरकुती हाताने मोडली. मग नसलेली सुरकुतीही मोडली. “आता सहा वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतं, बाई? ठराव पास झाला होता. एकमताने. वहीत असेल.”

वही त्याच्याच कपाटात होती. बाईंनी पान उलटलं आणि वाचलं: ‘सूचना फलक नजरेच्या टप्प्यात यावा यासाठी भिंतीवरील अडचणीच्या वस्तू सोयीप्रमाणे सरकवाव्यात.’

पानाला फलकाचं आणि लाल प्लगचं बिल जोडलं होतं. एका टाचणीने, शिवणीच्या टाक्यासारखं, आत-बाहेर-आत.

बाईंनी वही मिटली आणि काही न बोलता परत हॉलकडे निघाल्या. नदी घाटाच्या वरून तिसऱ्या पायरीवर होती. काल ती पाचवीवर होती.

४

“मीटरचं कपाट उघडा,” त्या पंपवाल्याला म्हणाल्या.

पंपवाला जागचा हलला नाही. “बाई, ते... ताई तिथेच...”

“मला माहीत आहे कुठे ते.”

जिन्याखालच्या त्या लाकडी कपाटाला चौदा वर्षांत कोणी रंग लावला नव्हता. मीटर बदलायला आलेला माणूस सोडला तर कोणी ते उघडतही नसे. हॉलच्या भिंती चार वेळा रंगल्या, पण कपाटामागची भिंत पुराच्या वेळी होती तशीच राहिली असणार, असा बाईंचा हिशेब होता.

दार करकरलं नाही. बिजागरीला ताजं तेल होतं. कोणीतरी नुकतंच येऊन गेलं होतं.

आत, मेन स्विचच्या वर, पिवळट भिंतीवर मातकट रेघ होती. वर कोरडा चुना, खाली गाळाचा डाग. तीस वर्षांत अशा शेकडो रेघा त्यांनी पाहिल्या होत्या; एवढी सरळ फक्त पाण्यालाच जमते. त्यांनी टेप लावली. खात्रीसाठी पुन्हा लावली.

साडेपाच फूट.

वकीलबाई मागे येऊन उभ्या होत्या. “पण आपण तर प्रतिज्ञेवर सात...”

“पोरी,” बाई हळूच म्हणाल्या, “आज ही पाटी कोणी खाली आणली नाही. ती घरी परत आली. सहा वर्षांपूर्वी मांजराच्या सूचना नजरेच्या टप्प्यात याव्यात म्हणून तुमच्या समितीने पूर दीड फूट वर सरकवला. एकमताने.”

वकीलबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या.

“सात फूट मोजून कोर्टाला कोणी दिले?”

“याचिका उपसमितीने.” त्यांनी डोळे मिटले. “शिंपीकाकांनी.”

“म्हणजे पाटी वर लावली तोही तोच, आणि वर आहे असं मोजून सांगितलं तोही तोच.”

“पण मग कोर्टात का नाही बोलले?”

“तेव्हा तो दुसऱ्या उपसमितीत होता.”

बाहेर आणखी एक ट्रक गेला. काचा थरथरल्या, आणि कपाटाच्या आत ती रेघही थरथरल्यासारखी वाटली.

५

मास्तरांच्या खोलीत पलंग, टेबल आणि नकाशे होते. नदीचे नकाशे, त्यांनी स्वतः काढलेले, सगळ्या भिंतींवर. प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांत पिना.

“ये, धाकटे,” ते म्हणाले. मेहुणीला ते पहिल्यापासून याच नावाने हाक मारत.

“भावजी, तुम्ही चोरी करायला निघालात, तर निदान एक कागद तरी वाकडा लावायचा.”

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. “वाकडा लावला की झोप येत नाही गं.”

“तेल कपाटाला तुम्हीच घातलंत.”

“कमिशनर येणार म्हणून परवा हॉल झाडायला गेलो. चौदा वर्षं त्या दाराकडे पाठ करून बसत होतो. म्हटलं, धूळ तरी पुसावी. तर आत रेघ दिसली. मोजली, साडेपाच.” त्यांनी चष्मा काढला. “पाटीकडे मी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. ती हलवली तेव्हा मी डोळ्यांच्या ऑपरेशनला गेलो होतो. नंतर आकडा शिंप्याने आणला, मी सही केली. सात म्हटलं की लोक हळहळायचे. मलाही बरं वाटायचं. सात फुटांपुढे कोणाचं काय चालणार?”

“ताई पाच फूट एक इंच होती,” बाई म्हणाल्या. “तिला साडेपाचही पुरले.”

मास्तरांनी चष्मा पुसून परत लावला.

“मग तेव्हाच सांगायचं ना, भावजी. पहाटे जाऊन स्क्रू कसले पिळताय?”

मास्तरांनी टेबलावरचा एक मोठा कागद उलगडला. बिल्डरचा सुधारित आराखडा; कोर्टाच्या कागदांबरोबर तो परवाच आला होता. मैदानाच्या काटछेदावर भरावाची रेघ होती आणि तिच्याशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘भरावाची उंची अर्जदार समितीने नमूद केलेल्या पूरखुणेच्या एक फूट वर.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. सुपरवायझरने हातात हात का घेतला, ते त्यांना आता कळलं.

“नियम असा, की भराव पुराच्या खुणेपेक्षा उंच हवा,” मास्तर म्हणाले. “खूण जेवढी उंच, तेवढी माती जास्त टाकायला मोकळीक. माती जेवढी उंच, तेवढं वरच्या फ्लॅटमधून नदीचं दृश्य झकास. आपणच त्याला दीड फूट डोंगर मंजूर करून दिलाय, धाकटे. आणि तो डोंगर नदीला ढकलणार कुठे? मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय. नदी ढकलली की समोरच्या काठावर येते, आणि समोरच्या काठावर आपण आहोत.”

“म्हणून पाटी खाली आणलीत.”

“म्हटलं, उद्या कमिशनर साडेपाच लिहून नेईल, आकडा खरा होईल, आणि पाटी हलवल्याचा आळ जाईल बिल्डरवर. तोही काही संत नाही.”

“म्हणजे सत्य जागेवर, आणि खोटं बिल्डरच्या नावावर.”

“असं म्हटलं की वाईट दिसतं.”

“कसं म्हटलं की चांगलं दिसतं?”

मास्तर आराखड्याची घडी घालू लागले.

“उद्या अकरा वाजता तुम्ही सांगणार,” बाई उठत म्हणाल्या. “नाहीतर मी सांगेन.”

६

कमिशनर किरकोळ अंगाचा, सर्दी झालेला गृहस्थ होता. पाटी, रिकामी भोकं, गुट्ट्या, कपाटातली रेघ, सगळं त्याने मोजलं आणि प्रत्येक आकड्यानंतर नाक शिंकरलं. बिल्डरचा सुपरवायझर दारात छत्री घेऊन उभा होता.

“पाटी मी खाली आणली,” मास्तर म्हणाले. आवाज वर्गात बोलल्यासारखा होता. “आधी ती चुकून वर गेली होती. आमचं प्रतिज्ञापत्र दीड फुटाने चुकलंय. खरा आकडा साडेपाच. भराव त्या मापाने व्हावा, एवढंच मागणं आहे.”

शिंपी खुर्चीतून अर्धा उठला. “वर मी लावली, साहेब. अडचण होत होती म्हणून.”

“कशाची?”

“पाटीची. फलकाला.”

कमिशनरने पेन थांबवलं, शिंप्याकडे पाहिलं, आणि मग तेही लिहून घेतलं.

त्या आठवड्यात कोर्टात बिल्डरच्या वकिलाने ‘खोटं प्रतिज्ञापत्र’ हे दोन शब्द सतरा वेळा उच्चारले, वकीलबाईंनी मोजले. निदान भराव तरी खऱ्या खुणेपर्यंत उतरवा, असं त्यांनी मागितलं. त्यावर उत्तर आलं, की भावी रहिवाशांच्या सुरक्षिततेत दीड फुटाची कपात करणं आमच्या अशिलाला शोभणार नाही. कोर्टाने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. तोवर भराव ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर टाकावा.

ट्रक वाढले. मैदान हळूहळू बुटक्या टेकडीसारखं दिसू लागलं. संध्याकाळी तिची सावली नदी ओलांडून आळीपर्यंत येई; पूर्वी कधी येत नसे.

मास्तर नकाशा काखेत घेऊन दारोदार फिरले. “तळमजला रिकामा ठेवा,” ते सांगत. “कधी, ते विचारू नका.” लोक त्यांच्याकडे, दीड फूट खोटं बोललेल्या माणसाकडे बघावं, तसं बघत. पण गाद्या वर नेत.

७

एकोणिसाव्या दिवशी नदी आली.

फार मोठा पूर नव्हता. वरच्या गावच्या पुलाच्या खांबावरच्या आकड्यांत पाणी चौदा वर्षांपूर्वीपेक्षा दोन फूट कमीच होतं. पंपवाल्याने तिन्हीत्रिकाळ जाऊन खात्री केली होती. मैदान मोकळं असतं तर आळीत कमरेइतकं आलं असतं. पण आता पलीकडे टेकडी होती. नदी तिला जाऊन भिडली, जरा थांबली, आणि वळली.

दुपारी दोन वाजता सगळी आळी हॉलच्या वरच्या मजल्यावर होती. मेन स्विच पंपवाल्याने सकाळीच पाडला होता. या वेळी कोणाला खाली जावं लागलं नाही. शिंप्याचं मशीन तेवढं खाली दुकानात होतं.

विमाबाई जिन्याच्या वळणावर हातात पेन्सिल घेऊन उभ्या राहिल्या. शेजारी मास्तर, त्यांच्या मागे शिंपी आणि वकीलबाई. खाली तपकिरी पाणी आवाज न करता चढत होतं. खुर्च्या तरंगल्या. सूचना फलक भिंतीवरून सुटला आणि खोलीभर सावकाश फिरू लागला, चारही कोपऱ्यांत टोचलेल्या कागदांसकट.

तीनला पाणी पाटीला लागलं. खरी खूण, साडेपाच फूट. मास्तरांनी कठडा धरला.

“थांबेल,” वकीलबाई म्हणाल्या.

पाटी बुडाली. आधी शब्द, मग तारीख, मग रेघ.

पाणी आणखी चढलं, एक वीत, मग आणखी एक. वर उरलेली चार रिकामी भोकं, लाल प्लग डोळ्यांसारखे, त्याची वाट पाहत होती. पाणी सपाट असतं. खालची दोन भोकं एकाच क्षणी भरली. प्रत्येकातून एक बुडबुडा आला. आणि तिथे, सात फुटांवर, नदी थांबली.

बाईंनी जिन्याजवळच्या भिंतीवर पेन्सिलीने आडवी रेघ ओढली आणि खाली तारीख घातली.

“पुढच्या तारखेला कमिशनर पुन्हा येईल,” वकीलबाई म्हणाल्या.

मास्तर पाण्याकडे बघत होते. “मग पाटी आता कुठे लावायची?”

मग मागून शिंपी म्हणाला, “भोकं आहेत की, मास्तर. पाडलेलीच आहेत.”